सूचक तेच, अनुमोदक तेच

आमच्या सोसायटीत फ्लॅट 32 आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर 41. वरचे हे कोण, असा प्रश्न सेक्रेटरी म्हणून मला पडायला हवा होता. पण बिनपगारी माणसाने किती प्रश्न पाडून घ्यायचे? तो पडला पार्किंगच्या वादात.

ब विंगमधल्या काकांनी दुपारी लिहिलं, "पाहुण्यांच्या गाड्या आत घेतल्या जातात ,तीव्र निशेध...."

लगेच काकूंच्या नंबरावरून आलं, "योग्य मुद्दा ,मीही निशेध करते...." काकू त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात विरजण न्यायला आल्या होत्या, फोन घरी चार्जिंगला लावून. पाठोपाठ कॅनडातले चिरंजीव, तिथल्या भल्या पहाटे उठून, "बाबांशी सहमत ,निशेध...." शेवटी सूर्यफुलाचा डीपी लावलेले कुणी 'शुभचिंतक'. त्यांचाही निशेध.

नावं चार, पण पोटफोडा ष एकालाही येत नाही. स्वल्पविराम चौघांचाही पुढच्या शब्दाला चिकटलेला, आणि शेवटी मोजून चार टिंबं. पोलिसांना बोटांचे ठसे लागतात. मला टिंबं पुरली.

आपल्या देशात एका माणसाला स्वतःच्या नावावर 9 सिमकार्डं घेता येतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात 6). बायकोमुलांची त्यात धरलेलीच नाहीत. 2023 पासून एकाच फोनवर व्हॉट्सॲपची दोन खातीही चालतात, म्हणजे फोन बदलण्याचे कष्टही वाचले. उलट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 27 सांगतं, एक सभासद, एक मत. सर्वसाधारण सभेत काकांचा हात एकच मोजला जातो. ग्रुपवर मात्र सूचक काका, अनुमोदक काका, आणि 'ठराव एकमताने मंजूर समजावा' म्हणणारेही काकाच.

टोपणनावांशी माझं वैर नाही. गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. पण त्यांनी प्रत्येकाला वेगळं काम दिलं होतं. इथे तिघांना मिळून एकच काम, काकांपुढे मान डोलावण्याचं.

आणि माझी पंचाईत अशी की, सगळं कळत असूनही चौघांना वेगवेगळं, 'आदरणीय' लावून उत्तर द्यायचं. एकाला विसरलो, तर उरलेले तिघे त्याची बाजू घेऊन येतात.

अखेर अ विंगमधल्या ताईंनी विचारलंच, "शुभचिंतक, तुमचा फ्लॅट नंबर काय?" ग्रुपवर सामसूम. मग संशय फेडायला शुभचिंतकांनी चक्क काकांवरच तोफ डागली. "काकांचा स्वभाव हेकट आहे ,पण मुद्दा बरोबर...." त्यावर काकूंच्या नंबरावरून बदाम पडला. फोनचं चार्जिंग बहुधा झालं असावं.

घरात नक्की काय घडलं ते भिंतींना ठाऊक. "अपमान सहन करणार नाही ,निशेध...." लिहून काका ग्रुपमधून बाहेर पडले आणि वर माझ्याकडे लेखी अर्ज आला, की शुभचिंतकांवर कारवाई करावी. तो मी सही-शिक्क्यानिशी स्वीकारला. आवक-जावक वहीत नोंदही केली.

रात्री शुभचिंतक पुन्हा अवतरले. "काकांसारखा अभ्यासू माणूस जाणं हे सोसायटीचं नुकसान ,त्यांना सन्मानाने परत घ्या...." कॅनडा सहमत.

काकूंच्या नंबरावरून दोनच शब्द आले, "घाई नाही", आणि पुढे एकही टिंब नव्हतं.