दोघा भावांची भेट का घडवली नाही?

नमस्कार सर,

माझी कादंबरी तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत आणि मग चांगली सोलून काढलीत. बरं वाटलं, नुसतं 'छान' लिहून पुढे जाणारेच जास्त असतात.

तुमचा मुख्य आक्षेप असा, की थोरला सोलापुरात, धाकटा नलगोंड्याकडच्या गावी. वाडी जंक्शनला गाडी बदलली की माणूस दुसऱ्या दिवशी पोचतो. तेलंगणातला कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा ऑक्टोबर 1951 मध्ये मागे घेतला, त्या लढ्यातला धाकटा उघड फिरू लागला. तरीही दोघं जन्मभर भेटत नाहीत, म्हणजे वाचकाला रडवायला ओढूनताणून केलंय.

अंतराचा हिशोब बरोबर आहे. पण मी त्यांना अंतराने तोडलेलंच नाही. भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली, ते 13 सप्टेंबर 1948 चं प्रकरण पुन्हा काढून बघा. तोवर दोघांचा शत्रू एकच, निजाम आणि त्याचे रझाकार. थोरला गिरणीत वर्गणी गोळा करून गुपचूप हद्दीपलीकडे पाठवतो. फौज सोलापुरातून नळदुर्गाकडे निघते तेव्हा हा रस्त्याच्या कडेला उभा राहून जवानांना पाणी पाजतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. पाच दिवसांत निजाम शरण येतो. मग तीच फौज तेलंगणात दलमवाल्यांच्या, म्हणजे धाकट्यासारख्या सशस्त्र तुकड्यांतल्या लढवय्यांच्या मागे लागते, कारण देशमुख जमीनदारांकडून घेऊन वाटलेल्या जमिनी ते परत द्यायला तयार नसतात. भावाने ज्यांना पाणी पाजलं तेच आपल्याला रानात हुडकतायत, हे धाकट्याच्या मनातून कसं जावं? आणि थोरल्याला त्या पाण्याचा मरेपर्यंत अभिमान. यातल्या कुणाला खोटं पाडू, सांगा.

त्यात गिरणी. थोरल्याची गिरणी, सोलापुरात जिला 'जुनी गिरणी' म्हणतात ती, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली, सरकारने ती ताब्यात घेतली जानेवारी 1950 मध्ये. मधले महिने थोरल्याची चूल विड्यांवर चालली. त्याची बायको सूप मांडीवर घेऊन पत्र्याच्या मापाने पानं कातरते, संध्याकाळी छाट (नापास ठरवलेल्या विड्या) फार काढली म्हणून कारखान्याच्या दारात भांडते, ते पान तुम्हाला 'लांबलेलं' वाटलं. (त्यातली एक ओळही कापणार नाही.) गावी आईला जाणारी मनीऑर्डर तेव्हाच थांबली. का थांबली, हे त्याने लाजेपोटी कळवलं नाही. धाकट्याने सरळ अर्थ काढला की हा फौजेचा झाला, आता आईलाही टाकली. घर मोडायला नुसतं राजकारण पुरत नाही ओ, त्याला न आलेल्या मनीऑर्डरीची जोड लागते.

सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे कादंबरीत का नाहीत, असंही विचारलंय. थोरला सोलापुरात आला तोवर त्याला चौदा-पंधरा वर्षं उलटली होती. गिरणीतली जुनी माणसं जेवणाच्या सुट्टीत बोलतात तेवढंच त्याच्या कानावर आलंय, आणि तेवढं पुस्तकात आहे.

राहिली तुमची सूचना, की पुढच्या आवृत्तीत निदान आईच्या दिवसांना तरी दोघांची गाठ घाला. मी तो प्रसंग लिहून पाहिला होता. धाकटा उंबऱ्यावर बसला, थोरला आत. पैशांचा विषय निघाला असता तर गिरणीचं सांगावं लागलं असतं, आणि तो काही केल्या सांगेना. म्हणून मी तार उशिरा पोचवली. ओढूनताणून म्हणायचं तर ती तार म्हणा. तिच्यावरून भांडायचं असेल तर केव्हाही सोलापूरच्या पूर्व भागात या, चहा माझ्याकडून.