‘क्रॉनिक’चा त्या पोरं गिळणाऱ्या देवाशी काहीही संबंध नाही

मावशीला कित्येक वर्षं दमा आहे. फाइलवर ‘क्रॉनिक’ लिहिलेलं असतं, त्याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. परवा सकाळी फोन आला, आवाज कापरा. “अगं, तो स्वतःचीच पोरं गिळायचा म्हणे. मग हा पंप ओढून काय उपयोग?”

घरच्या ग्रुपवर ‘ग्रीक पुराणातून आलेले इंग्रजी शब्द’ अशी यादी फिरतेय. तिच्यात लिहिलंय: क्रोनॉस देवाने आपली मुलं गिळली, तसा माणसाला गिळतो तो आजार क्रॉनिक, त्यावर औषध चालत नाही.

हे साफ खोटं आहे. प्राचीन ग्रीकमध्ये देवाचं नाव ‘क’ने सुरू होतं, क्रोनॉस. काळ या अर्थाचा शब्द ‘ख’ने, ख्रोनॉस. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार ‘क’ झाला आणि घोळ झाला. कण आणि खण यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, मग इथेच का गल्लत करायची? ख्रोनॉसवरून ख्रोनिकॉस, म्हणजे काळासंबंधीचा, आणि त्यावरून क्रॉनिक. आजार बऱ्याच दिवसांचा आहे, एवढंच तो शब्द सांगतो. औषध लागू पडत नाही, असं त्यात कुठेही नाही. लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश १८४३ साली निघाला, आज तो नेटवर फुकट पाहता येतो. हे दोन शब्द त्यात दोन वेगळ्या अक्षरांखाली आहेत. मी दोन्ही नोंदींचे फोटो मावशीला पाठवले.

आता एक मान्य करावं लागेल. ही गल्लत आजची नाही. इ.स.पू. ४५च्या सुमारास सिसेरो या रोमन लेखकानेही क्रोनॉस म्हणजेच काळ, तो वर्षं गिळतो, असं लिहून ठेवलंय. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यावरून शब्दाचं मूळ ठरत नाही, आणि सिसेरो काही कोणाला पंप सोडायला सांगत नव्हता.

यादीतलं बाकीचं असंच अर्धंकच्चं. पॅनिक हा शब्द पॅन देवावरून आला, हे बरोबर. विनाकारण उसळणारी भीती त्याचीच मानत. पण पॅन्डेमिक म्हणजे ‘पॅनचा कोप’? तिथे ‘पान’ म्हणजे सर्व, ‘देमॉस’ म्हणजे लोक. सीरियल ज्या सेरेस या धान्यदेवीवरून आणि व्होल्कॅनो ज्या वल्कन या अग्निदेवावरून आला, ते दोघेही ग्रीक नव्हेत, रोमन. आणि जिच्यातून जगातली सगळी दुःखं बाहेर पडली म्हणतात, ती पँडोराची पेटी हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात मातीचा रांजण आहे, त्याची पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिनमध्ये झाली.

फोटो पाहून मावशीचा पुन्हा फोन आला. “म्हणजे जुनाट दमा, एवढंच ना?”

एवढंच, मावशी. पंप चालू ठेव. आणि ज्यांनी ही यादी पुढे ढकलली, त्यांनी ही दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाकावी.