पालकांचा सहभाग : असमाधानकारक

परवा मुलांच्या वजनावर लक्ष ठेवणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपने मला नापास केलं. ‘पालकांचा सहभाग : असमाधानकारक.’ खाली लाल पट्टी आणि तिच्याखाली तोंड पाडून बसलेला एक पिवळा चेहरा. शाळेत निदान नापास करणाऱ्या बाईंचं नाव तरी माहीत असायचं.

बरं, वजन माझं नव्हे, चिरंजीवांचं. वय वर्षं बारा. डॉक्टरांनी वाढीच्या तक्त्यावर एका रेषेच्या वर पेनाचं टोक टेकवलं, “जरा लक्ष द्यायला हवं” म्हणाले आणि पुढची फाइल ओढता ओढता अ‍ॅपचं नाव लिहून दिलं. मुलाच्या फोनवर अ‍ॅप घ्यायचं आणि पालकांचा फोन त्याला जोडायचा. पालकांचा म्हणजे माझाच, हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं. नवऱ्याच्या फोनमध्ये म्हणे जागा नाही.

तेव्हापासून आमच्या घरात जेवण आधी फोनला दाखवून मग पोटात जातं. अ‍ॅप फोटो बघून पदार्थ ओळखतं आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग देतं. एकदा ताट धरताना माझा अंगठा फोटोत आला. तो ‘उकडलेला बटाटा, लहान’ म्हणून मुलाच्या खात्यावर जमा झाला. खोडायचा कसा ते अजून सापडलेलं नाही. अंगठ्याला पिवळा रंग मिळाला, म्हणजे बेताने खायला हरकत नाही.

तर परवा आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. चिरंजीव चित्रकथेत डोकं घालून, त्यांचा फोन माझ्या मांडीवर. अचानक फोन खणखणीत आवाजात ओरडला, “हॅलो चॅम्पियन!”

शेजारच्या खुर्चीतले आजोबा दचकून ताठ बसले. नातीला लस टोचायला आणलं होतं; नात आणि सून आत, आजोबा बाहेर पिशवी राखत.

“बोला,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही बराच वेळ बसून आहात!”

“मग काय उभ्याने वाट बघू? नंबर लागायला अजून चार जण आहेत.”

“आजोबा, ते तुम्हाला नाही,” मी आवाज कमी करायचं बटण शोधत म्हटलं. “अ‍ॅप आहे ते. माझ्या मुलासाठी.”

“अ‍ॅप आहे ते कळलं हो. पण बसून मीसुद्धा आहेच ना.”

“आज पुरेसं पाणी प्यायलात का?” अ‍ॅपने विचारलं.

“सकाळपासून तीन ग्लास,” आजोबांनी तत्परतेने हिशेब दिला.

“शाब्बास!” अ‍ॅप म्हणालं. ते कुणालाही, कशालाही म्हणतं. पण आजोबांचा चेहरा असा उजळला की खुलासा करायचा मला धीर झाला नाही. “बघा,” ते म्हणाले, “घरात एक माणूस विचारत नाही, पाणी प्यायलात का म्हणून.”

“आजचं ध्येय गाठायला फक्त तीन हजार पावलं बाकी!”

आजोबांनी हात पुढे केला. “आणा इकडे.”

“अहो, पण पावलं त्याची मोजायची आहेत...”

“त्याला वाचू द्या हो. हल्ली वाचतंय कोण? मला नाहीतरी चालायला सांगितलंय. एकाच फेरीत दोघांचं होऊन जाईल.” आणि पिशवी माझ्याकडे सोपवून आजोबा निघालेसुद्धा. माशांच्या टाकीपासून चपलांच्या कपाटापर्यंत, तिथून वळून परत. दर फेरीला माझ्यासमोर थांबून आकडा सांगायचे. चिरंजीवांनी एकदा मान वर केली, आपली पावलं समोरून चालत जाताना पाहिली आणि पान उलटलं.

काउंटरवरच्या बाईंनी दोनदा टोकल्यावर आजोबा खाली बसले. पण ध्येय अर्धवट सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. फोन गुडघ्यावर ठेवून त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली. “अहो ताई, बसल्या बसल्या धरतंय की हे!” धरणारच. फोनमधल्या सेन्सरला फक्त ठरावीक लयीतले धक्के कळतात. ते कुणाच्या पायाचे आणि पाय जमिनीवर आहे की हवेत, हे त्याला कोण सांगणार? मुलगा मात्र रोज संध्याकाळी तासभर पोहतो, तेव्हा फोन पिशवीत असतो. त्यामुळे अ‍ॅपच्या लेखी तो तास तो झोपलेला असतो. ध्येय तरी कुठून आलं? दहा हजार पावलांचा आकडा रूढ झाला तो १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पेडोमीटरच्या ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र, या नावावरून. एका यंत्राच्या बारशाचा आकडा माझ्या पोराच्या मानगुटीवर बसलाय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. त्यात पावलांचं नावसुद्धा नाही, पोहणं चालतं.

असो. ध्येय गाठलं गेलं. फोनमधून फटाक्यांचा आवाज आला, “अभिनंदन चॅम्पियन!” अशी गर्जना झाली, दोन बाळं रडत उठली आणि खोलीतल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी उभं राहून त्या स्वीकारल्या.

आत गेल्यावर डॉक्टरांनी पडद्यावरचा अहवाल बघितला. “अरे वा! पावलं मस्त झालीत की आज!” चिरंजीवांनी नम्रपणे मान खाली घातली. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. “पण आई, तुमचा सहभाग कमी दिसतोय.”

का, तर ‘पालकांसाठी धडे’ मी उघडले नव्हते. रोज त्याला पोहायला नेणारी मी, ताटाचे फोटो काढणारी मी, फोटोत अंगठा उकडून घेणारीही मीच. पण यातलं काही बटण दाबून केलेलं नसल्यामुळे मोजलं जात नाही.

चेष्टा राहू द्या. मला खरा राग कशाचा येतो, सांगते. हा लाल-पिवळा-हिरवा प्रकार अ‍ॅपवाल्यांनी शोधलेला नाही. लेनर्ड एपस्टाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही दशकांपूर्वी तो मुलांसाठी वापरात आणला. पण त्याच्या उपचारात आईबाप मुलाबरोबर बसायचे, स्वतःच्या सवयी बदलायचे आणि शिकवायला समोर हाडामांसाची माणसं असायची. अ‍ॅपने चौकातला सिग्नल तेवढा उचलून आणला आणि पोलिसाला घरी पाठवलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली सांगितलं की, अशा मुलांना ३ ते १२ महिन्यांत मिळून किमान २६ तास प्रत्यक्ष समोरासमोर मार्गदर्शन मिळायला हवं, तेही सगळ्या कुटुंबासकट. सव्वीस तास! आमच्या वाट्याला आले ते पेनाचं टोक आणि अ‍ॅपचं नाव. जगात २०२२ साली ५ ते १९ वयाची ३९ कोटींहून अधिक मुलं जास्त वजनाची होती. एवढ्या मुलांना एवढा वेळ द्यायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. त्यापेक्षा आईला लाल पट्टी दाखवणं स्वस्त.

आणि आकड्यांचं म्हणाल, तर गेल्या महिन्यात वजन एक किलोने वाढलं म्हणून अ‍ॅप हिरमुसलं. पोराच्या सगळ्या पँटी घोट्याच्या वर गेल्यात, तिकडे कोण बघतो? वाढत्या वयात वजन आहे तिथेच राहिलं, किंवा उंचीच्या मानाने हळू वाढलं, तरी पुष्कळदा तेवढं पुरतं. म्हणून तर मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर मांडायचा असतो. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायची ही कल्पना बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाची, १८३२ सालची. तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता, कुणाची मुलं बारीक करायला निघाला नव्हता.

एवढ्यात चिरंजीव एक गोष्ट मात्र शिकलेत. पहिल्यांदा थोडंसं वाढून घ्यायचं, फोटो काढायचा, हिरवा रंग मिळवायचा आणि मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उरलेलं खायचं. पूर्वी टेबलाशी बसून, दिवसभराचं काय काय सांगत जेवायचा. त्याच बालरोगतज्ज्ञांनी २०१६ मध्ये लिहून ठेवलंय की, घरात वजनाचा विषय सतत काढू नका, मुलांना डाएटला लावू नका, एकत्र जेवा. नाहीतर स्थूलपणा आणि खाण्याचे विकार दोन्ही मागे लागू शकतात. आमच्याकडे विषय मी काढतच नाही. तो विषय रात्री आठ वाजता फोनच काढतो, मोठ्या आवाजात.

अशा अ‍ॅपवर कुणी काही करत नाही असं नाही. वेट वॉचर्स कंपनीचं ‘कुर्बो’ नावाचं अ‍ॅप २०१९ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आलं, त्यावर भरपूर टीका झाली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरायला लावला आणि माहितीच नव्हे, तर त्या माहितीवर बेतलेले अल्गोरिदमसुद्धा नष्ट करायला लावले. कारण तेराच्या आतल्या मुलांची माहिती पालकांच्या रीतसर परवानगीशिवाय घेतली होती. वय जास्त सांगून मुलं बिनदिक्कत आत शिरू शकत होती.

उलट दिशेनेही शिरता येतं. आजोबा काल पुन्हा भेटले. फोनमध्ये तेच अ‍ॅप.

“जन्मसालाचं चक्र माझ्या सालापर्यंत खाली जातच नाही हो,” ते म्हणाले. “म्हणून बारा वर्षं टाकून दिलं. पालक म्हणून सुनेचा नंबर दिलाय, ती कळवळून फोन करते.”

“आणि काय म्हणतंय अ‍ॅप?”

“वजन जास्त आहे म्हणतंय. पण काळजी करू नका, वाढीचं वय आहे, यंदा उंची वाढेल.” आजोबांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून ठेवलीय.”