सांबऱ्याहून उडू पाहणाऱ्यांसाठी चार सूचना

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला जायचं मनात आणलंय? अभिनंदन. गेल्या आठवड्यात आईला मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना मला जे ज्ञान झालं, ते एकट्यानं पचवणं जड जातंय. म्हणून वाटून टाकतो.

विमानाचं तिकीट काढलंत की त्याच बैठकीत स्लीपर बसचंही काढून ठेवा. कुठलं वापरायचं ते नंतर कळवतात. आम्हाला निलजी ओलांडताना रिक्षात कळलं. मोबाइल वाजला, मी मेसेज वाचला आणि गप्प बसलो. रिक्षावाल्या मामांनी आरशात माझं तोंड बघितलं आणि स्वतःच विचारलं, "क्यान्सल आगेद री?" मी हो म्हणायच्या आत त्यांनी यू टर्न मारला होता. असे अनुभवी मामा हेरून ठेवा.

पाहुण्यांना "विमानानं येतोय" असं कळवू नका. "निघालोय" पुरे.

फारच घाई असेल तर चोर्ला घाटातून गोव्याचा विमानतळ गाठा. कमरेचा पट्टा न्यायला विसरू नका.

विमान मिळो न मिळो, विमानतळ मात्र बघून या. 1942 साली इंग्रजांनी युद्धासाठी इथं धावपट्टी केली. तेव्हापासून सांबऱ्याची सारखी भरभराटच चालली आहे. 2017 च्या सप्टेंबरात नवं टर्मिनल झालं, धावपट्टी 2,300 मीटर झाली, मोठी विमानं उतरतील म्हणून आपण पेढे वाटले. पुढच्याच वर्षी हुबळी छोट्या शहरांना विमानं देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत बसली आणि इथली विमानं उठून शंभरेक किलोमीटरवर तिकडं गेली. मग 10 मार्च 2024 ला पंतप्रधानांनी दुरून बटण दाबून सांबऱ्याच्या आणखी एका टर्मिनलची पायाभरणी केली. त्याच कार्यक्रमात कोल्हापूरच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्यांना इमारत, आपल्याला पाया. चालायचंच.

नावाची चिंता तर मुळीच करू नका. ते काम आधीच उरकलंय. डिसेंबर 2023 मध्ये इथंच, हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या कर्नाटक विधानसभेच्या अधिवेशनात, विमानतळाला कित्तूर राणी चन्नम्मांचं नाव देण्याचा ठराव झाला. राणी इंग्रजांशी लढल्या. आपण निदान रिफंडसाठी लढू.

जमल्यास आजारपण अधिवेशनाच्या दिवसांत काढा. आमदारसाहेबांना कुणी भर रस्त्यात "क्यान्सल" म्हणत असेल असं वाटत नाही.

आता बसविषयी. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालचा बर्थ मिळणार नाही, हे गृहीत धरा. ऐन वेळी वरचाच उरतो. ती उभी लोखंडी शिडी असते ना, पाऊल अर्धंच मावणारी, तिच्यावर आई एका हातानं साडीच्या निऱ्या धरून चढली. दुसऱ्या हातात डब्यात बर्फ आणि बर्फात डोळ्यांच्या थेंबांची बाटली. डबा दे म्हटलं तर देईना. खालून मी टाच धरलेली, मागून क्लीनर ओरडतोय, "लवकर चढा हो आजी!" एका डोळ्याला आधीच कमी दिसतं तिच्या. पुढं सहापदरीकरणाची कृपा. कागलपासून जी वळणं सुरू झाली ती साताऱ्यापर्यंत संपली नाहीत, आणि प्रत्येक वळणाला वरून आवाज, "पुणं आलं काय रे?" उजळाईवाडीला कोल्हापूरच्या विमानतळाशेजारून बस गेली तेव्हा मी पडदा ओढून घेतला. बर्फ कराडच्या आत विरघळला. सकाळी मुंबईत डॉक्टरांची वेळ गाठली म्हणा, पण रात्रभर न झोपलेल्या, सुजलेल्या डोळ्यांची तपासणी काय कपाळ होणार? "विमानानं का नाही आणलंत?" असं त्यांनीच मला विचारलं. आणि ज्या मेसेजनं हे सगळं झालं त्यात कारण काय होतं? "परिचालन कारणास्तव." ढग नव्हते, पाऊस नव्हता. कस्टमर केअरला फोन लावला तर कन्नडसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, आणि माणसासाठी काही नाहीच.

उपरोध पुरे झाला.

हे का होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उडान योजनेत कंपनीची तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. 2019 मध्ये बेळगावलाही असे मार्ग मिळाले, तेव्हा विमानं कशी वेळेवर भरून जात होती आठवतंय ना? मुदत संपली की कंपनीच्या लेखी बेळगाव परवडेनासं होतं. मग त्या मुदतीत तुम्ही खासदार, पालकमंत्री म्हणून काय करत होता? मुदतीनंतर काय, हा प्रश्न एकदा तरी दिल्लीत विचारलात? काँक्रीट ओतायला पैसा आहे, कारण तिथं कोनशिला बसते. सकाळचं एक मुंबईचं विमान टिकवलं म्हणून कुणी कोनशिला बसवत नाही, म्हणून ते टिकत नाही. सांबऱ्याच्या शेतकऱ्यांनी पिकत्या जमिनी दिल्या त्या काचेच्या भिंती बघायला दिल्या काय?

आणि आपण? हुबळीवाले एक विमान हललं की गोंगाट करतात. आपण निवेदन देतो, निवेदन देतानाचा फोटो पेपरात छापून आणतो, चार ग्रुपवर टाकतो आणि खाली अंगठे मोजत बसतो. पायाभरणीला हार घेऊन पुढच्या रांगेत कोण होतं, आपणच ना? पुढच्या वेळी मंडपात बोलावलं तर हार घरी ठेवून जा. माइक मागा आणि विचारा, या नव्या इमारतीतून कुठं, किती वाजता आणि किती वर्षं विमान सुटणार आहे? उत्तर येत नसेल तर फीत कापू देऊ नका. आणि मंत्री फारच घाईत असतील तर त्यांना वरच्या बर्थचं तिकीट काढून द्या.