चोर सोडून नीडलला सुळी

पेट्रोलवर चालणारं रेडिओ कंट्रोल विमान माळावर नेलं आणि पहिल्या दहा झटक्यांत सुरू झालं नाही, की पुढचा प्रयोग ठरलेला. बेळगाव असो, खानापूर असो, निपाणी असो. खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर निघतो आणि कार्ब्युरेटरच्या दोन नीडलपैकी, म्हणजे पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या ‘लो’ (कमी वेगाच्या) आणि ‘हाय’ (जास्त वेगाच्या) स्क्रूंपैकी, जी हाताला लागेल ती पिळली जाते. मग दुसरी. मग पहिली उलट्या दिशेने. अर्ध्या तासाने इंजिन बंदच असतं, फक्त आता बंद राहायला त्याच्याकडे सबळ कारण असतं.

या नीडलांचं वकीलपत्र मी घेतलंय. काल उडालेल्या इंजिनाची नीडल रात्री उठून आपली आपण फिरत नाही. तिला स्प्रिंगने जागेवर धरलेलं असतं. आज काही बिघडलंच असेल तर ते पेट्रोलात, नळीत, टाकीत, डायफ्रॅममध्ये नाहीतर ठिणगीत. पण तिथे पोचायचं तर काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढावं लागतं, काउलचे स्क्रू गवतात पडतात, ते शोधायला गुडघे टेकावे लागतात. नीडल मात्र काउलच्या भोकातून आयती समोर दिसते. म्हणून पहिला आळ तिच्यावर.

आधी पेट्रोल बघू. ही इंजिनं टू-स्ट्रोक, तेव्हा तेल पेट्रोलातच मिसळायचं. नव्या इंजिनाला ३२ ला १, म्हणजे लिटरला ३१ मिली. काही लिटर जळून इंजिन मोकळं झालं की ४० ला १, म्हणजे लिटरला २५ मिली, पाच लिटरच्या कॅनला १२५. मोजायला मेडिकलमधली सिरिंज घ्यावी. मिश्रण कॅनमध्ये करावं, विमानाच्या टाकीत नव्हे. लुना, राजदूत आणि आरएक्स हंड्रेडवर ज्यांची जवानी गेली असे एक-दोन काका माळावर असतातच, आणि ‘तेल थोडं जास्तच टाक की, इंजिन टिकतंय’ हा त्यांचा आशीर्वादही ठरलेला असतो. तो नम्रपणे नाकारावा. नीडलच्या भोकातून जायचं तेवढंच जातं. त्यात तेल वाढलं की पेट्रोल घटतं. इंजिन तेलाने निथळतं आणि पेट्रोलाला उपाशी राहतं, वर प्लग काळा होतो तो वेगळाच.

दुसरी भानगड इथेनॉलची. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल बेंगळुरूत वाजतगाजत आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. आपला बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. म्हणजे ज्या उसात विमान पडून दिवसभर सापडत नाही, तोच ऊस टाकीतूनही आपल्या वाटेला येतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं तरी काय? शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच नीडलवर मिश्रण जरा लीन पडतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. किती इथेनॉल आहे ते बघायचं असेल तर १०० मिलीच्या मोजनळीत १० मिली पाणी आणि ९० मिली तेल न मिसळलेलं पेट्रोल घालून हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर १० वरून २८ च्या आसपास गेला, की समजा वीस टक्के. हेच पाणी काढून टाकून ‘शुद्ध’ पेट्रोल वापरण्याची युक्ती काही जण सांगतात. त्यात इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातो. त्यापेक्षा महिन्यावरचं शिळं पेट्रोल गाडीत ओता, विमानाला ताजं द्या.

नळ्यांच्या बाबतीत एकच नियम: सिलिकॉनची नळी पेट्रोलला चालत नाही. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाच्या काळातली निळी, गुलाबी, दिसायला देखणी नळी पेट्रोलात फुगते, मऊ पडते आणि टोकावरून सुटते. पेट्रोलला टायगॉनची पिवळी नळी, आणि टाकीचं बूचही पेट्रोलचंच. बाहेरची नळी सगळे बदलतात. टाकीच्या आतली विसरतात. तीच क्लंक ओढत असते, म्हणजे नळीच्या टोकाचा तो वजनदार तुकडा, जो विमान जसं कलेल तसा पेट्रोलात बुडून राहायला हवा. आतली नळी कडक झाली किंवा दणकट लँडिंगमध्ये क्लंक पुढे येऊन अडकला, तर विमान जमिनीवर मस्त चालतं आणि नाक वर करून चढायला लागलं की गप्प होतं. मालक खाली येऊन हाय नीडल उघडतो. वास्तविक टाकी बाहेर काढून, दोन नळ्या बोटाने बंद करून, तिसरीतून फुंकर मारत बादलीत बुडवली, तर बुडबुडे कुठून येतात ते दिसतं, आणि काढलेल्या टाकीत क्लंक कुठे रुतलाय तेही.

आता कार्ब. यांच्यात मोटरसायकलसारखा पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट नसतो, कारण विमानाने उलटं व्हायचं असतं. त्याऐवजी पातळ पडदे, म्हणजे डायफ्रॅम. क्रँककेसमधला दाब वरखाली होतो, तो धक्का एका बारक्या भोकातून पंपाच्या डायफ्रॅमपर्यंत पोचतो आणि पेट्रोल ओढलं जातं. कार्ब आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट उलटं बसलं की हे भोक झाकलं जातं. मग ठिणगी आहे, पेट्रोल आहे, चोक आहे आणि कार्ब कोरडा ठणठणीत. एका स्क्रूचं झाकण पंपाचं. त्याच्याखाली इवलीशी जाळी असते, तीत कचरा अडकतो. चार स्क्रूंचं झाकण मीटरिंगचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भागाचं. तिथे सहसा आधी गॅस्केट मग डायफ्रॅम, आणि पंपाकडे आधी डायफ्रॅम मग गॅस्केट. उघडताना मोबाइलवर फोटो काढा, स्मरणशक्तीची परीक्षा घेऊ नका. डायफ्रॅम बोटाने दाबल्यावर कुरकुरला, तर तो गेला. मीटरिंगची छोटी दांडी मात्र वाकवू नका, कितीही मोह झाला तरी.

या कार्बची खरी जाणकार माणसं विमानवाल्यांत सापडत नाहीत, गावोगावच्या ब्रशकटर आणि फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यांत सापडतात. निपाणी-चिकोडीकडे अशा दुकानांत याच कुळातले कार्ब रोज उघडले जातात. डायफ्रॅम किट घ्यायला गेलात तर कार्बचा नमुना घेऊन जा. तो मिस्त्री काम थांबवून आधी विमानाची किंमत विचारेल, ‘एष्ट रोक्का री?’, आणि ऐकल्यावर तुमच्याकडे दयेने बघेल. तेवढं सोसावं.

ठिणगीचं खातं सोपं आहे, म्हणून लोक तिथे फसतात. इग्निशन बॅटरी रात्री चार्ज केली होती, असं सगळेच म्हणतात. ठिणगी तयार करणारं इग्निशन मॉड्यूल ४.८ ते ६ व्होल्टचं असेल तर त्याला दोन सेलची पूर्ण भरलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी देऊ नये, ८.४ व्होल्ट मिळाले की ते आपलं आयुष्य एका झटक्यात संपवतं. प्लगचा गॅप ०.४५ ते ०.५ मिलिमीटर. प्लगची टोपी कटकन बसेपर्यंत दाबायची. ठिणगी बघायला प्लग बाहेर काढला असेल तर तो टोपीत घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून धरायचं. मोकळ्या टोपीवर इग्निशन चालवलं तर ठिणगी मॉड्यूलच्या आतच वाट शोधते. इग्निशन आणि विमानातला रेडिओ रिसिव्हर यांच्यात फूटभर तरी अंतर, आणि थ्रॉटलच्या दांडीला प्लास्टिकचा जोड. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून या दोघांचं भांडण कमी झालंय, मिटलेलं नाही.

सुरू करण्याची रीत अशी. मागे एक माणूस विमान धरून. इग्निशन चालू, चोक बंद, थ्रॉटल आयडलच्या जरासा वर. हातात जाड चामड्याचा मोजा किंवा काठी. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, मारत राहायचं, इंजिन एकदा ‘फट्’ करेपर्यंत. तो आवाज आला की थांबायचं आणि चोक उघडायचा. इथेच माळावर चार दिशांनी सल्ले येतात: ‘चोक मारून बगा की ओ परत’, ‘प्लग गार पडलाय बगा’. ऐकलं आणि फट् झाल्यावरही चोक बंदच ठेवला, की इंजिन पेट्रोलाने भिजतं. मग प्लग काढा, पुसा, इग्निशन बंद करून प्रॉप फिरवा आणि सल्लागारांना चहा पाजा, म्हणजे ते तरी गाडीपाशी जातील. बघ्यांना प्रॉपच्या रेषेत उभं राहू देऊ नका. १८ इंची प्रॉप मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे ६०० किलोमीटरने जात असतं, आणि तो कोणाची ओळख बघत नाही.

इतकं सगळं तपासून झालं, तरच नीडल. आत पिळली की लीन, बाहेर सोडली की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. सुरुवात दोन्ही हलक्या हाताने पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडून. हलक्या हाताने, जोर लावला तर नीडलच्या टोकाला कायमचा खड्डा पडतो. इंजिन दोन-तीन मिनिटं तापू द्या. आधी लो नीडल, कारण वरच्या फेऱ्यांनाही तिच्यातून पेट्रोल जात असतं. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन दचकून मेलं, तर लो लीन आहे, आठवा भाग फेरा उघडा. गुरगुरत, धूर टाकत, अडखळत वर गेलं, तर रिच, तेवढीच बंद करा. आयडल मिनिटाला १,५०० ते १,८०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर राहायला हवं, आणि मिनिटभर आयडलवर ठेवूनही थ्रॉटल दिल्यावर घसा खाकरू नये. मग हाय नीडल: पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, बघत सर्वांत जास्त फेरे गाठा आणि तिथून २००-३०० फेरे कमी होतील इतकी उघडा. इथे लोभ नडतो. जमिनीवरचे शेवटचे दोनशे फेरे हवेत पिस्टनला भारी पडतात. पुन्हा एकदा लो बघा, कारण हायने तिला हलवलेलं असतं. शेवटी विमान घट्ट धरून, प्रॉपपासून सगळे लांब ठेवून, नाक आकाशाकडे. फेरे पडले नाहीत तर झालं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथे बसवलेली नीडल घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्याला उडवायला गेलात, तर खाली हवा दाट, म्हणजे इंजिन लीन. आठवा भाग उघडा. परत वर आल्यावर बंद करा. नीडलला हात लावायचं रास्त कारण हे असं असतं.

जमिनीवर सगळं ठीक आणि हवेतच इंजिन बिथरत असेल, तर संशयित आणखी एक: मीटरिंगच्या झाकणावरचं बारकं भोक. तो डायफ्रॅम बाहेरच्या हवेच्या भरवशावर काम करतो, आणि काउलमध्ये शिरलेला वारा त्याला ढकलतो. भोकावर पितळी नळी डागून घ्या आणि तिला जोडलेली नळी विमानाच्या पोटात सोडा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणताही कारागीर हे काम करून देईल. फक्त ‘ड्रोन आहे काय ओ?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणू नका, पुढे तासभर जातो. काउलमधून हवा बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट हवी. मफलरचे बोल्ट उष्णता सोसणाऱ्या थ्रेडलॉकने, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाने, आवळा, लाकडी प्रॉपचे बोल्ट उडवायच्या दिवशी पुन्हा तपासा. लाकूड हवा बघून आकसतं.

उडवायच्या जागेचं म्हणाल तर सांब्र्याचा विमानतळ आणि तिथलं वायुदलाचं ठाणं डोक्यात ठेवून आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघावा. शहराच्या जवळचा माळ सोयीचा असतो, म्हणून तो मोकळा असतोच असं नाही.

पावसाळ्याला टाकी रिकामी करा, कार्बमधलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवूनच जाळून टाका, प्लगच्या भोकातून टू-टी तेलाचे दोन-चार थेंब सोडून प्रॉप हाताने फिरवा. बॅटऱ्या अर्ध्या भरून वेगळ्या ठेवा. खंडेनवमीला पाऊस ओसरलेला असतो आणि अवजारांबरोबर विमानही पूजेला मांडलं जातं. हळद-कुंकू स्पिनरला, म्हणजे प्रॉपवरच्या टोपीला, लावावं, पंखांना लावावं, हौस असेल तर मफलरलाही. घरातली मोठी माणसं भक्तिभावाने कार्बलाही बोट टेकवायला जातात, तेव्हा त्यांचा हात मीटरिंगच्या त्या बारक्या भोकापासून तेवढा लांब धरावा.