तडीपार जातो कुठे?

२९ मे २०२४ च्या रात्री भुसावळात एका माजी नगरसेवकासह दोघांना गोळ्या घालून मारलं. इथे ग्लासगोत तेव्हा ऑफिस सुटायची वेळ होती. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडू लागले आणि तासाभरात चर्चेची गाडी ‘एन्काउंटर करा’वर आली. ऑक्टोबर २०१९ मध्येही तसंच झालं होतं. तेव्हा एका नगरसेवकासह पाच जण गेले होते.

मी म्हटलं, एन्काउंटरने पोरं तयार व्हायची थांबत नाहीत. एन्काउंटर मागणाऱ्या एका मित्राचं लगेच उत्तर आलं, ‘तुले काय जातं भो, तिकडे बसून बोलाले!’ खरंच आहे. रात्री नऊनंतर दुकानाचं शटर मला ओढायचं नसतं.

पुढचा क्रम मात्र इथे बसूनही पाठ झालाय. सत्ताधारी पोलिस अधीक्षकांची बैठक घेतात, विरोधक ‘गृहखातं झोपलंय’ म्हणतात, दोघांची निवेदनं एकाच दिवशी छापून येतात. नाकाबंदी होते. पकडलेल्यांना भरबाजारातून चालवतात, लोक शूटिंग करतात. मग तडीपारीची यादी निघते. कायद्याने माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर ठेवता येतं. पण तो जातो कुठे? भुसावळ जंक्शन आहे. इटारसी, नागपूर, सुरत, मुंबई, कुठलीही गाडी पकडा, आणि परतीचीही त्याच फलाटावर येते. आपण आपली डोकेदुखी पार्सल करून शेजारच्या जिल्ह्याला पाठवतो, त्यांची आपल्याकडे येते.

ग्लासगोचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. वीस वर्षांपूर्वी हे शहर चाकूबाजीसाठी युरोपभर बदनाम होतं. दोन गल्ल्यांतली पोरं ‘आमच्या हद्दीत का आलास’ एवढ्यावरून एकमेकांचे गाल फाडायची. २००४-०५ मध्ये स्कॉटलंडभर १३० हून जास्त खून झाले. अलीकडे हा आकडा ६० च्या आत आहे. ड्रग्जने माणसं मात्र अजून मरतातच, आणि त्यावरून इथले पुढारीही एकमेकांना शिव्या घालतात.

मधे घडलं ते असं. २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक काढलं आणि तिच्याकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना चक्क कोर्टात बोलावलं, आरोपी म्हणून नाही, ऐकायला. सर्जनने जखमा कशा शिवतो ते सांगितलं. मेलेल्या पोराची आई उभी राहून बोलली. पोलिसांनी बजावलं, यापुढे एकाने हात उचलला तर अख्खी टोळी उचलू. आणि शेवटी एक फोन नंबर दिला: काम हवंय, शिकायचंय, दारू सोडायचीय, यावर फोन कर. दम आणि हात, दोन्ही एकाच दालनात. आपल्याकडे दम भरपूर आहे.

आणखी एक फरक आहे, तो मला ग्रुपवर नीट सांगता आला नाही. इथलं हत्यार स्वयंपाकघरातला चाकू होता. आपल्याकडे गावठी कट्टा आहे, आणि तो कुठून येतो हे आमच्या जिल्ह्यातल्या चोपडा गावातलं शेंबडं पोरही सांगेल: सातपुड्यात, सीमेपलीकडचं मध्य प्रदेशातलं उमर्टी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या आपल्या पोलिसांवरच हल्ला झाला, एका पोलिसाला पळवून नेलं, काही तासांनी सोडलं. दोन राज्यांच्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून सोडवायचा हा प्रश्न. बाजारातल्या धिंडीने तिथली कट्ट्यांची एक भट्टी विझत नाही.

गेल्या दिवाळीत घरी आलो होतो. चौकात एका ‘भाऊं’च्या वाढदिवसाचं बॅनर होतं, नुकतेच जामिनावर सुटलेले. वर तीन पक्षांचे नेते, खाली शुभेच्छुकांच्या चौकटी. दुसऱ्या ओळीत आमचा एन्काउंटरवाला मित्र, गॉगल लावून.

संध्याकाळी शेवभाजी खाताना त्याला विचारलं.

‘त्यांची पोरं वर्गणी घेऊन गेली, फोटो पण त्यांनीच लावला,’ तो म्हणाला. ‘नाही म्हणू? दुकान त्याच चौकात आहे, भो.’