इंदिरा सागर बंद केले तर आधी इंदूरचाच नळ कोरडा पडेल

गेल्या आठवड्यात इंदूरच्या रामबागेत मावशीकडे गेलो, तेव्हा पिंप आणि कळशा भरलेल्या होत्याच, पण पुरणाचे पातेले आणि कणकेची परातसुद्धा काठोकाठ भरून ओट्याखाली सरकवलेली होती. "गुजरातने आपले पाणी पळवले, आता नळ बंद होणार," असे म्हणून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. नातेवाइकांच्या गटातून तिच्याकडे आलेल्या त्या हिंदी संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: नर्मदा मध्य प्रदेशाची आहे, दुष्काळातही गुजरातला ठरलेले पाणी पूर्ण द्यावे लागते आणि उरले तर आपल्याला मिळते, पाणीवाटपाच्या निवाड्याची मुदत २०२४ मध्येच संपली, सबब नर्मदेवरच्या आपल्या इंदिरा सागर धरणाचे दरवाजे बंद करा, म्हणजे इंदूरला रोज पाणी येईल.

शेवटचे वाक्य आधी घेतो, कारण मावशीची परात त्याच वाक्याने भरली आहे. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून येते. ते मंडलेश्वरजवळ जलूदला उपसले जाते आणि सुमारे सत्तर किलोमीटरची वाट व विंध्याचा चढ पार करून शहरात पोहोचते. हे जलूद इंदिरा सागरच्या खाली आहे, त्याच्या पुढच्या ओंकारेश्वर धरणाच्याही खाली आहे, आणि उन्हाळ्यात तिथल्या पंपांना मिळणारे पाणी मुख्यतः याच दोन धरणांतून सुटलेले असते. ते अडवले तर आणखी खालचे, गुजरातमधले सरदार सरोवर धरण आपल्या साठ्यावर काही काळ तग धरेल. पहिली अडचण जलूदची होईल, म्हणजे आपलीच. ज्याने हा संदेश लिहिला त्याने एकदा नकाशा उघडला असता तर मावशीच्या कमरेला इतका त्रास झाला नसता. शिवाय ते दरवाजे पुराचे पाणी सोडण्यासाठी आहेत आणि मे महिन्यात ते बंदच असतात. तेव्हा पाणी बाहेर पडते ते १००० मेगावॉटच्या वीजगृहातून, आणि ती वीज मध्य प्रदेशालाच मिळते. नळ एक दिवसाआड का येतो, याचे उत्तर शहराच्या टाक्यांत, जलवाहिन्यांत आणि गळतीत शोधायला हवे. त्यासाठी भरूचपर्यंत जाण्याचे कारण नाही.

दुष्काळात गुजरातला पूर्ण हिस्सा मिळतो, हेही खोटे आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १२ डिसेंबर १९७९ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्यात वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील ते पाणी म्हणजे एक एकर-फूट) धरून मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असे वाटप केले आहे. पाणी कमी पडले तर तूट याच प्रमाणात, म्हणजे ७३, ३६, २ आणि १ अशा हिश्श्यांनी, चौघांनी सोसायची असे निवाडाच सांगतो. हे कागदावरच राहिले असेही नाही. २०१७-१८ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला, तेव्हा गुजरातच्या वाट्याला नवाऐवजी जेमतेम पावणेपाच दशलक्ष एकर-फूट पाणी आले, मार्चच्या मध्यानंतर तिथल्या शेतीचे कालव्याचे पाणी बंद झाले आणि पिण्यासाठी सरदार सरोवराच्या किमान पातळीखालचा साठा उपसावा लागला. हा सगळा हिशेब ठेवणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालय दिल्लीत किंवा गांधीनगरात नसून आपल्या इंदुरात, विजयनगरला आहे.

मुदतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पंचेचाळीस वर्षांनंतर वाटपाचा फेरविचार करता येईल, एवढेच निवाड्यात आहे. फेरविचार करता येणे आणि निवाडा रद्द होणे यांत फरक आहे, आणि नवा निर्णय होईपर्यंत जुनाच लागू राहतो. नर्मदा एकट्या मध्य प्रदेशाची म्हणावी, तर एकूण पाणी २८ धरायचे आणि त्यातून राजस्थान व महाराष्ट्राला इतके द्यायचे, हे १९७४ च्या ज्या करारात ठरले त्यावर आपल्याच मुख्यमंत्र्यांची सही आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती मी नाइलाजाने करतो. सरदार सरोवराखाली बुडालेली गावे बहुतांश मध्य प्रदेशातली, बडवानी आणि धारकडची आहेत. त्या धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६ टक्के ठरला आहे. पण नदीपात्रातले वीजगृह चालवले की पाणी समुद्राकडे जाते, म्हणून टंचाईत गुजरातला ते कालव्यात वळवलेले परवडते आणि विजेचा मोठा तोटा आपल्याला होतो. तक्रार करायचीच तर ती इथे करता येते, पण या विजेबद्दल त्या संदेशात एक शब्दही नाही.